कादंबरीचं पहिलं वाक्य कसं असावं? माझी तीन देतोय, बिनधास्त फाडा

केळीबागवाला

राम राम मंडळी. मी मूळचा रावेर तालुक्यातला, सध्या जळगावला नोकरी, घरची केळी अजून आहे. एक कादंबरी लिहून झालीय म्हणजे कच्ची झालीय. आमच्याकडच्या एका घराची गोष्ट, मे महिन्यातल्या वादळात कापणीवर आलेली बाग एका रात्रीत आडवी होते आणि मग वर्षभर त्या घरात काय काय होत जातं, मोठा भाऊ सुरतला निघून जातो, बहिणीचं ठरलेलं लग्न पुढं ढकललं जातं वगैरे. दोन-तीन जणांना वाचायला दिली, आतलं आवडलं त्यांना, पण सगळे एकच बोलतात की सुरुवात पकडत नाही, पहिल्या पानावर जांभई येते.

तर विचारायचं हे की पहिल्या वाक्यात नेमकं असं काय असतं की माणूस दुकानात उभ्या उभ्या पुस्तक उघडतो आणि मग मिटत नाही? धक्का पाहिजे का, सस्पेन्स पाहिजे का, की नुसती भाषा चांगली असली की झालं? यूट्यूबवर बघितलं तर जो तो सांगतो हुक टाका हुक टाका, पण हुक म्हणजे काय ते कोणी सांगत नाही आणि मला रीलसारखी कादंबरी लिहायची नाहीये.

माझी तीन वाक्यं:

१) सातपुड्याच्या कुशीत आणि तापीमाईच्या कृपेने हिरव्यागार झालेल्या त्या छोट्याशा गावात नुकतीच पहाट होत होती.

२) एका रात्रीत सगळं संपलं.

३) वादळाच्या दुसऱ्या दिवशी बापाने आडव्या पडलेल्या बागेला पाणी सोडलं.

मला स्वतःला पहिलं आवडतं कारण त्यात आपला भाग दिसतो. बायकोचं मत दुसऱ्याला. तिसरं खरं तर आत एका प्रकरणात मधेच कुठंतरी आहे, तिथून उचलून ठेवलंय.

भुसावळची ताई

भाऊ, पहिलं आधी काढा. राग नका मानू पण हे वाक्य मी कितीतरी पुस्तकांत वाचलंय, फक्त डोंगराचं आणि नदीचं नाव बदलतं. सातपुड्याच्या जागी सह्याद्री टाका, तापीच्या जागी कृष्णा टाका, काही बिघडतं का? नाही ना. मग त्यात आपला भाग दिसतो असं कसं म्हणता? कुशीत, कृपेने, हिरव्यागार, छोट्याशा, एवढे शब्द खर्च झाले आणि अजून एक माणूस आला नाही. आणि मे महिन्यात हिरवंगार कुठलं हो? आपल्याकडे मे महिन्यात ऊन पंचेचाळीसच्या घरात जातं, केळी सोडली तर बाकी सगळं करपलेलं असतं, बागेच्या आत शिरलं की गार आणि बांधावर आलं की भट्टी, हे आहे आपल्या भागाचं आणि हे दुसऱ्या कुठल्या गावाला चिकटवता येणार नाही.

हवामानाने सुरुवात करू नका असं सांगतात त्याच्यामागे एक जुना किस्सा आहे. बुलवर-लिटन म्हणून इंग्रज कादंबरीकार होता, त्याची 'पॉल क्लिफर्ड' १८३० सालची, ती सुरू होते काळोख्या वादळी रात्रीने. त्या सुरुवातीची पुढे इतकी टिंगल झाली की १९८२ मध्ये अमेरिकेत सॅन होजेच्या विद्यापीठात मुद्दाम वाईटातलं वाईट पहिलं वाक्य लिहायची स्पर्धाच सुरू केली, त्याच्याच नावाने! लोकांना वाटतं की ते वाक्य तेवढंच आहे, काळोखी वादळी रात्र होती, टिंब. तसं नाही, ते पुढे चालतच राहतं, धो धो पाऊस, मधेच रस्त्यांवरून सुसाटणारा वारा, मग कंसात लेखक आपल्याला कळवतो की आपली गोष्ट लंडनमध्ये घडतेय, मग दिव्यांच्या ज्योती थरथरतात. इतकं सगळं होतं आणि कोणीच माणूस नाही. म्हणजे वादळ वाईट नाही, वादळात कोणी उभं नाही ते वाईट. तुमच्या तिसऱ्यात बाप उभा आहे.

मास्तर अमळनेरचे

ताईंशी सहमत. दुसऱ्याबद्दल मी बोलतो.

'एका रात्रीत सगळं संपलं' यात सगळं म्हणजे काय ते फक्त लेखकाला माहितीय. वाचकाकडे अजून काहीच नाही, मग त्याचं काय संपणार? शेअर बाजारात बुडालेल्याची कादंबरी असो, प्रेमभंगाची असो, दंगलीची असो, सगळ्यांना हे वाक्य बसतं. सगळ्यांना बसतं ते कोणाचंच नसतं, वधूवर मेळाव्यातल्या परिचयासारखं, मुलगी सुस्वभावी आणि गृहकृत्यदक्ष. धक्का द्यायच्या नादात लोक असली वाक्यं लिहितात, ट्रेलरमधल्या आवाजासारखी, आणि दुसऱ्या पानावर तो आवाज गायब होतो कारण तो लेखकाचा नसतोच.

मला वाटतं पहिल्या वाक्याचं खरं काम तिथंच आहे, कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. आपल्या घरचंच उदाहरण घ्या, 'कोसला'. १९६३ ची कादंबरी, नेमाडे आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. सुरुवातीला घडतं काय? काहीच नाही. एक माणूस स्वतःचं नाव सांगतो, पांडुरंग सांगवीकर, आणि आज उदाहरणार्थ पंचवीस वर्षांचा आहे म्हणतो. ना वादळ ना खून ना पहाट. पण वय काय उदाहरणार्थ असतं का? शाळेच्या दाखल्यावर असतं ते वय. आपण वाचताना जरा थबकतो की हा माणूस सरळ बोलत नाहीये, हा कशाची तरी खिल्ली उडवतोय, आपली की स्वतःची की सगळ्याचीच ते कळत नाही, आणि ते कळून घ्यायला आपण पुढे जातो. त्याच सुरात मग पुस्तक चालतं, गावाकडून पुण्याला कॉलेजला गेलेला पोरगा, होस्टेल, मेस, मित्र, उधाऱ्या, परत गाव. आणि घरात मरण येतं तिथं तोच थट्टेखोर आवाज आपल्याला असा पिळतो की विचारू नका. पहिल्या ओळीने जो आवाज लावला तो शेवटपर्यंत धरला म्हणून हे होतं. नेमाडे १९३८ चे, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा लेखक पण पंचवीसचाच. पंचविशीतल्या माणसाने असं लिहिलं म्हणून तेव्हा बऱ्याच ज्येष्ठांना ते झेपलं नाही हा वेगळा विषय, त्यात शिरलो तर रात्र जाईल.

तर मित्रा, तुझं पहिल्या वाक्याच्या पुढचं पुस्तक कोणाच्या आवाजात आहे? बापाच्या? धाकट्या पोराच्या? 'बापाने' असं लिहिलंयस, 'वडिलांनी' नाही, म्हणजे घरातलंच कोणीतरी बोलतंय. तो जर शेवटपर्यंत बोलणार असेल तर तिसरंच वाक्य.

धुळ्याचा भो

मास्तर लय भारी. पण मी म्हणतो भो, अहिराणीमा लिख ना! पहिल्याच ओळीत आपली बोली आली की वाचक सरळ खल्लास. प्रमाण मराठीत सगळेच लिहितात.

केळीबागवाला

@धुळ्याचा भो, दादा रावेर-यावलकडे अहिराणी नाही ना, आमच्याकडे लेवा बोली. संवादात आहे ती भरपूर. निवेदन सगळं बोलीत करायची हिंमत नाही झाली, पब्लिशर आधीच म्हणतो की पुण्याच्या वाचकाला कळलं पाहिजे.

@मास्तर, धाकटा मुलगा सांगतो. तेव्हा बारावीला असतो, आता मोठा झालाय आणि मागचं सांगतोय.

भुसावळची ताई

पुण्याच्या वाचकाला कळेल हो. बहिणाबाईंच्या कविता १९५२ साली छापून आल्या, पुण्यामुंबईने डोक्यावर घेतल्या, कोणी शब्दकोश मागितला नाही. पण नुसती बोली आहे म्हणून कोणी खल्लास होत नाही धुळेकर, बहिणाबाई संसाराचं बोलता बोलता आधी हाताला बसणारे चटके दाखवतात, ती गोष्ट खरी असते म्हणून बोली गोड लागते. बोलीत सुद्धा सातपुड्याच्या कुशीत लिहिता येतंच की!

पुस्तकाची चावी

मी जरा उलटं बोलते. मी तालुक्याच्या गावी वाचनालयात काम करते आणि पहिल्या वाक्याचं हे जे कौतुक आहे ते लिहिणाऱ्यांमध्येच जास्त आहे. आमच्याकडे लोक पुस्तक कसं घेतात? आधी जाडी बघतात. मग मागचं कव्हर. मग मधलं कुठलंतरी पान उघडून बघतात की संवाद आहेत का नुसते लांब परिच्छेद. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागच्या वेळी कोणी नेलं होतं त्याला विचारतात कसं होतं. पहिल्या वाक्यावर अडून पुस्तक परत ठेवलं असं मी कधीच बघितलं नाही, पहिल्या पंधरा-वीस पानांवर मात्र भरपूर परत येतात.

आणि शांत सुरुवातीची पुस्तकं चालत नाहीत हे पण खोटं. 'श्यामची आई' घ्या, मास्तर तुमच्याच गावातले गुरुजी! प्रताप हायस्कूलात शिकवायचे ते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात कुठला हुक आहे? आश्रमातली मंडळी रात्री जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगतो, प्रकरणं पण रात्र पहिली, रात्र दुसरी अशीच. आजही आमच्याकडची प्रत वाचून वाचून सुटी होते आणि परत बांधायला पाठवावी लागते.

मास्तर अमळनेरचे

चावीताई, हे तर तुम्ही माझ्याच बाजूचं बोललात 😀 गुरुजींची ती रात्रीची बैठक हाच हुक आहे. मंडळी जमलीत, एक जण सांगणार आहे, तुम्ही पण बसा. वाचकाला जागा करून दिली की तो बसतो. धक्का मी म्हणालोच नव्हतो, कोण बोलतंय आणि मला का सांगतोय एवढं कळलं की पुरे.

मात्र पंधरा-वीस पानांचं म्हणता ते शंभर टक्के खरं. पहिलं वाक्य लोक महिनाभर घासतात आणि दुसऱ्यापासून झोपतात.

तुटलेला घड

नमस्कार, मी लिहिणारा नाही, केळीवाला आहे, निंभोऱ्याकडचा. मुलीने हे वाचायला दिलं म्हणून दोन शब्द.

ते तिसरं वाक्य तुम्हा सगळ्यांना एवढं का आवडलं ते मला आधी कळेचना. बाग पडली तरी पाणी देतात भाऊ, त्यात नवल काय? खोड मोडलं तरी कंद जमिनीत जिवंत असतो, बुडाशी पील म्हणजे नवा कोंब असतो, पडलेली झाडं कापून बाजूला केली आणि एक चांगलं पील धरलं की पिलबाग होते, पुढच्या सालाला काहीतरी हाती लागतं. नवीन रोपं आणायची म्हटलं की परत टिश्यू कल्चरच्या रोपांचा खर्च, परत लागवडीचं खत म्हणजे बेसल डोस, परत सगळं पहिल्यापासून. म्हणून जुना माणूस पाणी तोडत नाही. मग मुलगी म्हणाली पप्पा, शहरातल्या माणसाला वाटेल की बापाला वेड लागलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

म्हणजे एकच वाक्य, मला वाटतं बाप शहाणा, पुण्यावाल्याला वाटतं बाप भ्रमिष्ट. लेखकाला काय वाटतं?

मास्तर अमळनेरचे

क्या बात है. दादा तुम्ही लिहिणारा नाही म्हणता आणि अख्ख्या चर्चेतला मुद्दा तुम्हीच काढला.

केळीबागवाला, याच्यावर विचार कर. वाचक पुढे जातो तो वाक्यातल्या एका गोष्टीचा मेळ बसत नाही म्हणून. ऑरवेलच्या '१९८४' ची सुरुवात, पुस्तक १९४९ चं. एप्रिलमधला लख्ख थंड दिवस, आणि घड्याळांत तेराचे ठोके पडत होते. सगळं नेहमीचं आणि एकच गोष्ट वाकडी. मजा म्हणजे त्याच्या आधीच्या कच्च्या खर्ड्यात घड्याळं नव्हती, लाखो रेडिओ तेराचे ठोके देत होते. रेडिओ खोडून नुसती घड्याळं केली. लाखो रेडिओ म्हटलं की वाचकाला लगेच कळतं हे काहीतरी भविष्यातलं चाललंय, घड्याळ म्हटलं की तो आपल्या घरातलं घड्याळ बघतो आणि मग दचकतो. वाक्य कमी विचित्र केलं म्हणून जास्त लागलं. हे मला फार शिकण्यासारखं वाटतं.

तुझ्या वाक्यात पण सगळं साधं, वादळ, बाप, बाग, आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे गंमत अगदी शेवटच्या दोन शब्दांत येते, पाणी सोडलं. त्याच्या पुढे काही चिकटवू नकोस. 'पाणी सोडलं, जणू काही झालंच नाही' असलं काही केलंस तर मी अमळनेरहून पॅसेंजर पकडून येईन जळगावला.

केळीबागवाला

😅 सर तसंच आहे दुसरं वाक्य. म्हणजे सध्या असं चाललंय:

"वादळाच्या दुसऱ्या दिवशी बापाने आडव्या पडलेल्या बागेला पाणी सोडलं. कारण हार मानणं त्याच्या रक्तात नव्हतं. शेतकऱ्याचं आयुष्य म्हणजे निसर्गाशी रोजची लढाई असते हे तो जाणून होता."

भुसावळची ताई

अरे देवा.

पुस्तकाची चावी

हे दुसरं आणि तिसरं वाक्य म्हणजे भाऊ व्हॉट्सअॅपवर सकाळी येतं ते, मागे सूर्य आणि बैलजोडी.

सुविचाराने सुरुवात करून पार पडलेला मला एकच माहिती, टॉलस्टॉय. 'अॅना कॅरेनिना' मध्ये सुखी घरं सारखी आणि दुःखी घरं ज्याच्या त्याच्या परीने दुःखी असं म्हणतो. पण लगेच पुढे काय, ओब्लॉन्स्कीच्या घरात नुसता गोंधळ, नवऱ्याचं फ्रेंच गव्हर्नेसशी लफडं बायकोला कळलंय, ती खोलीबाहेर येत नाही, नोकर सोडून चाललेत. म्हणजे सुविचार सांगितला आणि लगेच त्याच्यावर खरकटं सांडलं. तुम्ही सुविचारावर अजून एक सुविचार ठेवलाय.

भुसावळची ताई

आणि उत्तर का देता लगेच? पाणी का सोडलं हे विचारायला आम्ही तयार होतोय तेवढ्यात तुम्ही कारण सांगून मोकळे. मार्केझचं शंभर वर्षांच्या एकांताचं पुस्तक, १९६७ चं, त्यात पहिल्याच वाक्यात कर्नल गोळ्या घालणाऱ्या पथकासमोर उभा आहे आणि त्याला आठवतंय बापाने लहानपणी बर्फ दाखवायला नेलं होतं ते. आता वाचकाला दोन गोष्टी पाहिजेत, याला मारतात का आणि बर्फ बघायला कशाला नेलं. बर्फाचं तो पहिल्या प्रकरणाच्या शेवटी देऊन टाकतो आणि पथकाचं लटकवून ठेवतो कितीतरी पानं. आणि शेवटी त्या पथकाच्या हातून कर्नल मरतच नाही! (स्पॉयलर म्हणू नका, पुस्तक तुमच्या जन्माच्या आधीचं आहे.) म्हणजे एक उधारी लवकर फेडायची आणि एक ठेवायची. तुम्ही दोन्ही रोखीत फेडताय.

मला विचाराल तर कारण पोरालाच माहिती नसू दे. बारावीतलं पोरगं आहे, त्याला पण त्या दिवशी वाटू दे बाप भ्रमला. पिलबागेचं त्याला नंतर कळेल, आठ-नऊ महिन्यांनी पील निसवल्यावर म्हणजे त्याला घड आल्यावर, नाहीतर भाऊ सुरतला गेल्यावर. रावेरचा वाचक पहिल्या दिवसापासून बापाच्या बाजूने असेल, पुण्याचा पोराच्या बाजूने, आणि दोघं एकाच पुस्तकात. हे फुकट मिळतंय तुम्हाला, निंभोऱ्याच्या दादांना चहा पाजा.

केळीबागवाला

ताई हे वाचून खरंच अंगावर काटा आला. पोराला माहिती नाही हे धरलं तर मधली दोन प्रकरणं बदलावी लागतील पण बदलतो. कारण तलाठी पंचनाम्याला येतो तो प्रसंग पण मग वेगळा होईल, पोराला वाटतंय पंचनामा होईपर्यंत काही हात लावायचा नाही आणि बाप पाणी देतोय म्हणजे नुकसान भरपाई पण जाणार. त्यावरून भांडण. मोठा भाऊ तिथंच तुटतो कदाचित.

मग पहिलं वाक्य तिसरंच फायनल करू का? आणि दुसऱ्या वाक्याला सरळ पोरगं काय करत होतं ते, म्हणजे भाऊ आणि तो बांधावर उभे राहून बघत होते एवढंच?

धुळ्याचा भो

फायनल. अहिराणी नाही तर नाही, पुस्तक आलं की एक प्रत धुळ्याला.

तुटलेला घड

फायनल करायच्या आधी एक. दुसऱ्या दिवशी पाणी कसं सोडलं त्याने? वादळात खांब पडतात, तारा तुटतात, आमच्याकडे आठ-आठ दिवस लाईट नसते. मोटर कशावर चालवली? कादंबरी आपल्या भागात पहिली केळीवालेच घेतील आणि पहिल्याच ओळीला विचारतील.

मास्तर अमळनेरचे

हाहाहा. 'वादळानंतर लाईट आली त्या रात्री बापाने आडव्या पडलेल्या बागेला पाणी सोडलं', असं?

भुसावळची ताई

मला नाही आवडलं. दुसऱ्याच दिवशी सोडतो यात जी घाई आहे ती गेली. आठ दिवसांनी म्हणजे बापाने विचार करून ठरवलं, दुसऱ्या दिवशी म्हणजे त्याला विचार करावाच लागला नाही. दोन वेगळे बाप आहेत हे.

तुटलेला घड

मग डिझेल इंजिन आणू द्या त्याला शेजाऱ्याचं. भाड्याने. पैसे कुठून आणले ते पोराने शोधावं.